भाऊ कोळशाच्या भूमिगत खाणीत रुजू होतोय. खरी भीती कशाची बाळगायची?

थोरली

धाकट्या भावाची भूमिगत कोळसा खाणीत निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात प्रशिक्षण, मग थेट खाली. हे कळल्यापासून आईने एकच धोशा लावलाय, स्फोट, स्फोट. भाऊ म्हणतो, "आता सगळं मशीनवर चालतं, आम्ही नुसतं बटण दाबायचं." मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

शोधायला गेलं की एक तर मोठमोठ्या दुर्घटना सापडतात, नाही तर सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं. साध्या दिवशी, साध्या पाळीत माणूस कशाने जखमी होतो आणि पुढे कशाने आजारी पडतो, हे सांगणारं कुणी भेटेना. इथे कुणी प्रत्यक्ष खाली काम केलंय का? त्याला जाण्याआधी काय सांगून ठेवू? माझं तो ऐकतो, निदान अर्धं तरी.

बाहेरूनच

कोळसा म्हटलं की गॅस आलाच. एक ठिणगी आणि खेळ खलास. दुसरी नोकरी बघा म्हणावं.

जुना सरदार

ताई, मी ३१ वर्षं खाली काढली. आधी लोडर, मग ड्रिलर आणि शेवटची सोळा वर्षं मायनिंग सरदार. सरदार म्हटलं की लोकांना फेटा आणि घोडा आठवतो. आमचा सरदार म्हणजे माणसं कामावर लागण्याआधी आपल्या वाट्याच्या गॅलऱ्यांमधलं, म्हणजे कोळशातून खणलेल्या बोगद्यांमधलं, छत, हवा आणि गॅस तपासून वहीत सही करणारा माणूस. हातात एक काठी, बस्स.

आईंना सांगा, त्यांची भीती खोटी नाही, फक्त पत्ता चुकलाय. ३१ वर्षांत मी एकही स्फोट पाहिला नाही. छत पडलेलं किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब मात्र मी कधीच सोडून दिला.

कोळसा काढला की वरचा दगड उघडा पडतो. इतकी लाखो वर्षं त्याला खालून कोळशाचा टेकू होता, तो तुम्ही काढून घेतला. दगड लगेच पडत नाही. आधी थोडा वाकतो, थर एकमेकांपासून सुटतात, मधे फट पडते. खालून बघाल तर काही दिसत नाही, काळं ते काळंच. सुरुंग उडवल्यावर नुकतंच उघडं पडलेलं, अजून बोल्ट न मारलेलं छत, त्याला आम्ही ग्रीन रूफ म्हणतो. खाली मेलेल्या आणि मोडलेल्या माणसांपैकी मला ठाऊक असलेली निम्म्याहून जास्त त्या हिरव्या छताखालचीच.

आता काठीचं. छताला ठोकायचं. घट्ट दगड टणटण वाजतो. सुटलेला दगड ढबढब वाजतो. ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवायची, कारण कधी कधी कानाला कळत नाही ते बोटांना कळतं, थर सुटला असेल तर झिणझिण लागते. आणि ठोकायचं ते सपोर्टखाली, म्हणजे टेकू किंवा बोल्ट लावलेल्या छताखाली, उभं राहून, पुढे हात लांब करून. ढबढब आलं की लांब सळईने तो दगड पाडून टाकायचा. त्याला ड्रेसिंग म्हणतात. नवीन पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं, कारण ड्रेसिंगने टनेज वाढत नाही.

माझा एक जोडीदार होता. नाव सांगत नाही, तो आजही आहे आणि त्याला आवडणार नाही. माझ्यापेक्षा जास्त अनुभवी. दुसरी पाळी संपत आली होती, सुरुंग उडवून झाला होता, धूर निवळला होता. आम्ही परत फिरलो आणि वीस पावलांवर त्याला आठवलं की ड्रिलची रॉड फेसजवळ, म्हणजे जिथे कोळसा काढतात त्या टोकाजवळ, राहिली. रॉड हरवली तर लिहून द्यावं लागतं, बोलणी बसतात. "आलोच" म्हणाला. मी त्याला अडवलं नाही ताई, हे मी कुठेही सांगतो, कारण मलाही ती रॉड हवीच होती. तो वाकला आणि दरवाजाच्या फळीएवढा दगड त्याच्या मांडीवर आला. आवाज झाला तो दगड खाली आल्यानंतर. आधी काहीच नाही, खडा नाही, माती नाही. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. स्ट्रेचरवरून चढावर त्याला बाहेर आणायला आम्हा सहा जणांना दीड तास लागला. खाली मोडलेला माणूस आणि वर मोडलेला माणूस यात हा दीड तासाचा फरक असतो. रक्त जात असेल तर हा फरक फार महाग पडतो.

छताबरोबर बाजूही. छत तोलायला ठेवलेला कोळशाचा खांब, म्हणजे पिलर, त्याची साइड सुटते, कोळशाचा चिरा माणसाच्या उंचीवरून पायावर येतो. आणि पिलर काढायचं काम चालू असेल तिथे तर छत पाडायचंच असतं, फक्त ते आपण बाहेर आल्यावर पडावं एवढीच अपेक्षा. तिथे आम्हा जुन्या लोकांना लाकडी प्रॉप, म्हणजे टेकू, आवडायचे. लाकूड बोलतं. वरून वजन आलं की करकरतं, सालं फुटतात, मग पळायला थोडा वेळ मिळतो. लोखंड जास्त वजन पेलतं, पण आतून बोलत नाही. आता इंजिनियर लोक छत किती खाली आलं ते मोजायची साधनं लावतात, ती चांगलीच आहेत. तरी मला विचाराल तर त्या करकरीची सवय माझ्या कानातून अजून गेलेली नाही. घरात कपाट वाजलं तरी मी छताकडे बघतो.

दुसरं, टब, म्हणजे कोळसा वाहायचे रुळांवरचे डबे, आणि त्यांना ओढणारा दोर. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं दोन टबांच्या कडीत गेली. पाळीचा शेवट, टब थोडासा सरकला, थोडासाच. हॉलेजच्या, म्हणजे टब ओढायच्या, रस्त्यावर दोर चालू असताना चालायचं नाही, टबवर बसायचं नाही, कन्व्हेयर बेल्टवर बसून तर मुळीच यायचं नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. पण आठ तास काम करून चढावावर दीड-दोन किलोमीटर चालत यायचं म्हटलं की रिकामा टब पालखीसारखा दिसायला लागतो. भावाला सांगा, सुरुवातीचे सहा महिने माणूस घाबरून नीट राहतो. पुढे वाटायला लागतं की आपल्याला खाण कळली. तेव्हा जपायचं.

धुळीचं मी शेवटी लिहितोय, कारण ती शेवटी येते. आमच्या वेळी ओलं ड्रिलिंग करा म्हणून पाण्याची नळी दिलेली असायची. पाणी सोडलं की धूळ बसते, पण अंगावर चिखल येतो, कपडे भिजतात, आणि भिजलेल्या कपड्यांवर थंड हवेच्या वाटेने चालत बाहेर यायचं म्हणजे हुडहुडी. मी कित्येकदा तो कॉक स्वतःच्या हाताने बंद केलाय. कुणी सांगितलं नव्हतं. नाकावर गमछा बांधायचा आणि चालू. पाळी सुटल्यावर काळी थुंकी यायची, सुट्टीत दोन-तीन दिवसांत ती पांढरी झाली की आम्ही म्हणायचो, झालं साफ. आज मला दुसऱ्या मजल्यावर जाताना मधे एकदा थांबावं लागतं. मी तेव्हा कठड्याला धरून खाली काही तरी बघतोय असं दाखवतो.

श्वासनलिका

छातीचा डॉक्टर आहे. खाणीत काम केलेले रुग्ण नेहमी बघतो, म्हणून काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहितो.

काळी थुंकी ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मोठी धूळ नाकात, घशात आणि श्वासनलिकेत अडकते आणि कफाबरोबर बाहेर येते. त्रास देते ती डोळ्यांना न दिसणारी, साधारण पाच मायक्रॉनच्या आतली धूळ. ती थेट वायुकोशांपर्यंत जाते. तिथल्या पेशी ती गिळतात, पण कोळसा पचवता येत नाही, त्या मरतात, पुन्हा दुसऱ्या येतात आणि त्या जागी हळूहळू व्रण तयार होतो. याला कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस म्हणतात. बहुतेकांना दहा-पंधरा वर्षांनंतर दिसायला लागतो. पुढे व्रण एकत्र येऊन मोठे गोळे झाले, तर काम सोडल्यानंतरही आजार वाढत राहू शकतो. व्रण पुसून टाकणारं औषध नाही. गमछ्याच्या विणीतून ही धूळ आरपार जाते, त्यामुळे गमछा फक्त मनाला बरं वाटायला.

आणखी तीन गोष्टी. छताचा दगड ड्रिल करताना किंवा कापताना कोळशाबरोबर सिलिका उडते आणि ती कोळशापेक्षा जास्त वाईट. अमेरिकेत १९६९ च्या कायद्याने धुळीवर मर्यादा आणली, हवेच्या एका घनमीटरमध्ये २ मिलिग्रॅम, आणि हा आजार बराच कमी झाला. पण २००० नंतर अपालाचियाच्या डोंगरातल्या खाणींत तो परत वाढला, तरुण कामगारांमध्येही. तिथले जाड थर संपत आले, पातळ थर काढताना यंत्रं वरखालचा दगडही कापतात, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. २०१६ पासून तिथली मर्यादा १.५ वर आणली. म्हणजे "आता सगळं मशीनवर चालतं" हे वाक्य धुळीच्या बाबतीत उलटं पडू शकतं, कारण यंत्र माणसापेक्षा खूप जास्त धूळ करतं. पाण्याचे फवारे आणि हवा चालू असली तरच ते वाक्य खरं. सिलिकावाल्या छातीला क्षयरोगही लवकर धरतो.

दुसरं, एक्स-रे स्वच्छ म्हणजे फुप्फुस स्वच्छ असं नाही. सुरुवातीचे बदल एक्स-रेवर दिसत नाहीत. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, स्पायरोमेट्री, तीही हवी. बिडी-सिगरेट न ओढणाऱ्यालाही कोळशाच्या धुळीने दमेकऱ्यासारखी धाप लागू शकते, आणि ओढणाऱ्याला ती दुप्पट वेगाने गाठते म्हणायला हरकत नाही (हा आकडा शास्त्रातला नव्हे, माझ्या बोलण्यातला).

तिसरं, भावाची रुजू होण्याआधीची तपासणी. तिची प्रत स्वतःकडे ठेवा. वीस वर्षांनी "आधीपासूनच होतं" असं कुणी म्हणालं तर तो कागद उपयोगी पडतो.

कान आणि गुडघ्यांचं कुणी लिहीत नाही. ड्रिल आणि लोडिंग मशीनच्या आवाजाने ऐकू येणं जातं ते आधी चिरक्या आवाजांचं, त्यामुळे माणसाला स्वतःला कळतच नाही, बायको सांगते. बुटक्या थरात गुडघ्यांवर काम करणाऱ्यांच्या वाटीवर पाणी धरतं. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असलं तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून पायाला जखम असेल तर ती झाकूनच खाली जायचं.

हवेची दिशा

मी व्हेंटिलेशनमध्ये आहे, वयाने काकांच्या मुलीएवढी असेन. काका, तुमचं छताबद्दलचं सगळं मान्य. पण गॅस असा एका ओळीत सोडून देऊ नका. तुम्ही ३१ वर्षांत स्फोट पाहिला नाही, कारण रोज कुणी तरी गॅस मोजत होतं. सोळा वर्षं तर तुम्हीच मोजत होता.

मिथेन हवेपेक्षा हलका, छताच्या खळग्यात जाऊन बसतो. हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. म्हणून त्याच्या कितीतरी आधी, एक-सव्वा टक्क्याला, वीज तोडायचा नियम बऱ्याच देशांत आहे. मीटर छाताडाच्या उंचीवर धरून घेतलेलं रीडिंग कामाचं नाही, ते छताजवळच घ्यायचं. आणि मिथेनपेक्षा भयंकर ती जमिनीवर बसलेली कोळशाची भुकटी. छोटा स्फोट ती उडवतो, उडालेली पेटते, ती पुढची उडवते, असं करत आग किलोमीटरभर पळते. फ्रान्समध्ये कुरिएर इथे १० मार्च १९०६ ला असंच झालं, १०९९ माणसं गेली. वीस दिवसांनी १३ जण जिवंत बाहेर आले. म्हणून गॅलऱ्यांमध्ये चुनखडीची पूड मारतात. गॅलरी पांढरी दिसली की समजावं, इथे कुणीतरी काम करतंय. काळी दिसली तर विचारावं.

स्फोटात भाजून जेवढे जातात त्याहून जास्त लोक नंतरच्या हवेने जातात, कार्बन मोनॉक्साइडने. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ मध्ये हे अभ्यासून दाखवलं आणि विषारी हवा आधीच कळावी म्हणून खाणीत पिवळे कॅनरी पक्षी नेण्याची कल्पनाही त्यांचीच. ब्रिटनमध्ये ते पक्षी थेट १९८६ पर्यंत होते.

भावासाठी यातली एक गोष्ट, प्रशिक्षणात सांगतात पण लोक विसरतात. कमरेला सेल्फ रेस्क्यूअर असतो, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडताना तोंडात धरून श्वास घ्यायचं छोटं उपकरण. फिल्टरवाला प्रकार असेल तर तो मोनॉक्साइडला आतल्या रसायनावर जाळतो, त्यामुळे हवा गरम होऊन तोंडात येते. गॅस जितका जास्त तितकी हवा गरम. लोकांना वाटतं बिघडला, आणि ते तोंडातून काढून टाकतात. गरम लागतोय म्हणजे तो जीव वाचवतोय. ओठ भाजले तरी काढायचा नाही. मात्र ऑक्सिजनच नसलेल्या जागी हा प्रकार काही करू शकत नाही, तिथे स्वतःचा ऑक्सिजन तयार करणारा लागतो. आपल्याला कोणता दिलाय हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

ऑक्सिजन नसलेली जागा म्हणजे कुठली? हवा न फिरणारी, कुंपण घातलेली जुनी गॅलरी. शांत असते, थंड असते, पाच मिनिटं पाठ टेकावीशी वाटते. तिथे कोळसा हवेतला ऑक्सिजन खाऊन बसलेला असतो. एक जण पडतो, त्याला ओढायला दुसरा जातो, तोही पडतो. कुंपण कशासाठी आहे ते न विचारता पाळायचं असं हे एकच ठिकाण.

आणि घासलेटसारखा, डांबरासारखा वास आला, छताला घाम फुटलेला दिसला, तर आत कुठेतरी कोळसा आपोआप तापतोय. लाजू नये, लगेच सांगावं.

जुना सरदार

पोरी, मान्य. माझी चूक. मीटर माझ्याच हातात होता म्हणून मला त्याची भीती वाटली नाही, हे तू बरोबर पकडलंस.

पाण्याचं राहिलं. शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठलेलं असतं आणि मधली भिंत नकाशावर असते तेवढी जाड असतेच असं नाही. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला तेच झालं, पावणेचारशेच्या घरात माणसं गेली. म्हणून जुन्या कामाकडे सरकताना पुढे लांब भोकं मारत जायचं. कोरड्या फेसला अचानक ओल आली तर ती गंमत नव्हे. पण पाण्याने सगळं संपतंच असंही नाही. १९८९ मध्ये बंगालातल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा खाण अभियंता जसवंतसिंग गिल पोलादी कॅप्सूलमध्ये बसून स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर काढलं.

थोरली

सगळ्यांचे आभार. आईला मी गॅसचं वाचून दाखवलं नाही, छताचं दाखवलं, आता ती छताला घाबरते. पण निदान प्रश्न नेमके विचारते.

भावाने पूर्ण वाचलं. बटणाचं बोलणं बंद झालंय. त्याचे दोन प्रश्न आहेत. एक, सरदार काका, तुमच्या जागी आज कुणी "जा, रॉड घेऊन ये" म्हणालं तर नवीन माणसाने नाही कसं म्हणायचं? दोन, टणटण आणि ढबढब लिहिलंय ते ठीक, पण खाली गेल्यावर मला ते ओळखू येईल कशावरून?

जुना सरदार

पहिल्याचं सोपं उत्तर नाही. नवीन माणूस "नाही" म्हणाला की टोमणे बसतात, मीही मारलेत. माझ्या हाताखाली एक पोरगा होता, तो नाही कधीच म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "सरदार, आधी तुम्ही ठोकून द्या, मग जातो." मला ते ठोकावंच लागायचं, कारण ते माझंच काम होतं, सही माझी होती. चिडायचो. पण त्याच्या नादाने मी दोनदा ढबढब पकडलं, जे मी त्या दिवशी ठोकलंच नसतं. भावाला हेच वाक्य पाठ करू दे. सपोर्ट लागल्याशिवाय पुढे पाऊल नाही, आणि मागे राहिलेली वस्तू खाणीची, पाय आपला. आणि हो, पाण्याचा कॉक बंद करायचा नाही. भिजला तर भिजू दे, कोरडे कपडे वर ठेवावेत.

दुसऱ्याचं सोपं आहे. घरात फरशी असेल. सगळ्या फरश्या सारख्या बसलेल्या नसतात, एखादी खालून सुटलेली असते. चमच्याने एकेक फरशी ठोकत जायला सांगा, दुसऱ्या हाताची बोटं फरशीला लावून. डोळे मिटून.

थोरली

सापडली. न्हाणीच्या दाराजवळची, भिंतीपासून तिसरी. दिसायला अगदी बाकीच्यांसारखीच आहे. आता तो सांडशी घेऊन भिंतीही ठोकतोय आणि आई विचारतेय की घर पडणार आहे का.